मोहाचें फूल आणि गुन्ह्याचें नांव

पाठाचा विषय:- समाज एखाद्या वर्तनास अपराध कसें ठरवितो.

खून व चोरी यांस बहुतेक सर्वत्र अपराध म्हणतात. परंतु कित्येक कृत्यें एके काळीं रीत असतात आणि पुढें गुन्हा ठरतात. कृत्य तेंच राहतें. त्यास नांव देणारा बदलतो. याचें उदाहरण आपल्या वैतरणेच्या खोऱ्यांतच आहे.

१. पूर्वींची रीत. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे गळतात. वारली व कातकरी लोक तीं वेंचून वाळवीत, टंचाईंत खात आणि त्यांची दारूही गाळीत. लग्नकार्यांत व देवकार्यांत ती लागे. असें करणारास कोणी गुन्हेगार म्हणत नसे.

२. कायदा. सन १८७८ मध्यें मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला व परवान्यावांचून दारू गाळणें गुन्हा ठरलें. उरणच्या भट्ट्यांत मात्र मोहाचीच दारू निघे व तिजवर सरकारास कर मिळे. पुढें १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले. आपला मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. टोपलींतील फूल भाकरीऐवजीं आहे कीं भट्टीसाठीं, हें नुसतें पाहून कोणास कळणार?

३. बोध. एमिल द्यूरकेम या फ्रेंच पंडितानें १८९३ सालच्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, समाज ज्याचा निषेध करितो तें त्या निषेधामुळेंच अपराध ठरतें. येथें तर निषेध पाड्यांतून उठला नव्हता. तो वरून आला, आणि त्यांत महसुलाचा हिशेब होता. शिवाय असें नांव कृत्यावरून माणसावर व माणसावरून जातीवर जातें. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें अखेर कित्येक जमातींस जन्मानेंच गुन्हेगार ठरविलें. तो १९५२ सालीं रद्द झाला, तरी पारध्यांवरील संशय अद्याप गेला नाहीं.

४. सावधगिरी. यावरून दारू निरुपद्रवी आहे असें कोणी समजूं नये. तिनें संसार बुडतात. परंतु हानि ही एक गोष्ट आणि कलंक ही दुसरी. हानि निवारावी, कलंक पिढ्यान्‌पिढ्या लादूं नये.

विचारार्थ प्रश्न:- कोणावर आरोप आला असतां प्रथम विचारावें: हानि कोणाची झाली? अपराधी हें नांव कोणीं दिलें? त्यांत लाभ कोणाचा? आणि तेंच कृत्य श्रीमंतानें केलें असतें, तर आपण त्यास काय म्हटलें असतें?