१८ डिसेंबरपर्यंत

आमच्या घरात सुपरहिरोंचं वेड आईकडून मुलांकडे आलंय. शनिवारी सकाळी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचा, तेव्हा मी कॉलेजात होते आणि धाकट्या भावाला सोबत म्हणून बसते असं सांगून स्वतःच बघायचे. पुढे लग्न होऊन डोंबिवलीला आले. मुलं झाली, ती मोठी झाली, सोसायटीतली पोरंही “काकू, नेताय ना?” म्हणत दारात येऊ लागली. आता ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ यायचा आहे. जाहीर तारीख १८ डिसेंबर २०२६. असे सिनेमे सुट्टीत बघायचे म्हणजे काय काय सांभाळावं लागतं, ते अनुभवाने कळलेलं लिहून ठेवते.

१. तारीख पेन्सिलीने लिहावी

जुलै २०२२ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये पाचव्या ‘ॲव्हेंजर्स’ची घोषणा झाली, तेव्हा त्याचं नाव ‘द कँग डायनॅस्टी’ होतं आणि तारीख होती २ मे २०२५. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याने बोटांवर हिशेब केला आणि उडीच मारली, कारण ती नेमकी दहावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी होती. क्लास नाही, अभ्यास नाही, निकालाला अवकाश. एवढी चांगली तारीख देवाकडे मागितली तरी मिळाली नसती.

मग ती सरकली १ मे २०२६ वर. डिसेंबर २०२३ मध्ये खलनायक कँगचं काम करणाऱ्या जोनाथन मेजर्सला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मारहाणीच्या खटल्यात दोषी ठरवलं आणि मार्व्हलने त्याला काढून टाकलं. जुलै २०२४ मध्ये पुन्हा त्याच कॉमिक-कॉनच्या मंचावर रॉबर्ट डाउनी ज्युनिअरने मुखवटा उतरवला. एकेकाळचा आयर्न मॅन आता डॉक्टर डूम होणार, सिनेमाचं नाव ‘डूम्सडे’. खलनायक बदलला, नाव बदललं, दिग्दर्शनाला रूसो बंधू परत आले. २०२५ च्या मे महिन्यात तारीखही पुन्हा बदलली. मे गेला आणि डिसेंबर आला. त्या डिसेंबरात माझा मुलगा बारावीत असणार, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणजे दहावीच्या सुट्टीतला सिनेमा थेट बारावीच्या प्रिलिमच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. हॉलिवूडच्या स्टुडिओला महाराष्ट्र बोर्डाचं वेळापत्रक ठाऊक असण्याचं कारण नाही, पण इतका नेमका नेम कसा बसतो, हे कोडंच आहे.

‘वंडर वुमन १९८४’च्या वेळीही कोविडमुळे तारखा अशाच जूनमधून ऑगस्ट, ऑगस्टमधून ऑक्टोबर अशा ढकलल्या जात शेवटी नाताळापर्यंत गेल्या होत्या. म्हणून घोषणा झाली की मुलांना आनंद करू द्यावा, पण त्या भरवशावर गावाला जायचं आरक्षण करू नये.

२. त्यांची सुट्टी आणि आपली सुट्टी एक नसते

पहिले चारही ‘ॲव्हेंजर्स’ आपल्याकडे एप्रिलच्या शेवटी लागले. २७ एप्रिल २०१२, २४ एप्रिल २०१५, २७ एप्रिल २०१८, २६ एप्रिल २०१९. पहिले दोन तर अमेरिकेच्या आठवडाभर आधी. अमेरिकेत हा उन्हाळी सिनेमांच्या हंगामाचा आरंभ. आपल्याकडे मात्र वार्षिक परीक्षा संपलेल्या, पोरं उन्हात गल्लीभर मोकाट, आया टेकीला आलेल्या आणि तीन तासांचा एसी कोणालाही हवाच असलेला. चौथा ‘ॲव्हेंजर्स’, म्हणजे ‘एंडगेम’, शुक्रवारी लागला आणि सोमवारी, २९ एप्रिलला, आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. प्रचाराच्या रिक्षा खाली ओरडत होत्या आणि वर पोरं त्यातल्या खलनायकाचं, थानोसचं काय होणार यावर भांडत होती. त्या शनिवार-रविवारी सोसायटीत उमेदवारांपेक्षा थानोसची चर्चा जास्त झाली असावी.

डिसेंबरचं गणित निराळं. अमेरिकेत नाताळ ते नवीन वर्ष शाळा बंद, घरं पाहुण्यांनी भरलेली, त्यामुळे अठराला लागलेला सिनेमा दोन-तीन आठवडे आरामात चालतो. आमच्याकडे कॉन्व्हेंटला नाताळची मोठी सुट्टी असते, पण राज्य बोर्डाच्या बहुतेक मराठी शाळांना मिळतो तो पंचवीसचा एक दिवस, कारण त्यांची सुट्टी दिवाळीत होऊन गेलेली असते. शिवाय डिसेंबर म्हणजे गॅदरिंग, क्रीडा महोत्सव आणि सहल. एका मजल्यावर दोन माध्यमांची पोरं राहत असली की, सगळ्यांना एकदम मोकळा असा दिवसच सापडत नाही.

यंदा एक सोय आहे. २५ डिसेंबर शुक्रवारी येतोय. मराठी, इंग्रजी, सीबीएसई, सगळ्यांना सलग तीन दिवस मिळतील. फक्त तोवर सिनेमा लागून आठवडा झालेला असेल, आणि तो आठवडा कानात बोटं घालून काढावा लागेल. त्याविषयी पुढे लिहिलंय.

३. ताटकळत ठेवणं हाच त्यांचा धंदा आहे

२६ मार्च २०२५ च्या रात्री माझा मुलगा फोनवर खुर्च्या बघत बसला होता. खोटं नाही सांगत, खुर्च्याच. ‘डूम्सडे’त कोण कोण आहे हे सांगायला मार्व्हलने इंटरनेटवर थेट प्रक्षेपण केलं, त्यात पाठीवर नाव लिहिलेली एकेक खुर्ची दिसायची. कॅमेरा हळूहळू सरकायचा, मग पुढची खुर्ची. असं पाच तासांहून जास्त चाललं. क्रिस हेम्सवर्थपासून सुरुवात, शेवटी डाउनी. मध्ये पॅट्रिक स्टुअर्ट आणि इअन मॅकेलन ही एक्स-मेनमधली नावं आली, तेव्हा आतल्या खोलीतून आरोळी आली आणि सासूबाई दचकून उठल्या.

मला त्या कंपनीचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. चित्रीकरण व्हायचं होतं, एक दृश्यही दाखवायला नव्हतं, आणि जगभरची माणसं रिकाम्या खुर्च्यांवर जागत होती. पुढे २०२५ च्या डिसेंबरात ‘अवतार: फायर अँड ॲश’च्या आधी दाखवायला टीझर आले, तेही एकदम नाही, दर आठवड्याला नवा. वर्षभर आधी!

यावर घरात एक नियम केला. पहिला ट्रेलर सगळ्यांनी एकत्र टीव्हीवर बघायचा. नंतरचे ज्याला बघायचे त्याने बघावेत, पण जेवताना त्यातली चौकट थांबवून “आई, मागे कोणाची सावली आहे बघ” हे चालणार नाही. वाट बघायची तर ती आपल्या चालीने बघावी.

४. उजळणी बेताची असावी

‘एंडगेम’ हा मार्व्हलच्या मालिकेतला बाविसावा चित्रपट होता. त्यानंतर आणखी ढीगभर आले, वर ओटीटीवरच्या मालिका. सगळं पुन्हा बघून जायचं म्हटलं तर बारावीच काय, नोकरीही सोडावी लागेल. नव्या माणसाला मी तीनच सांगते: ‘इन्फिनिटी वॉर’, ‘एंडगेम’ आणि २०२५ चा ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’. त्या शेवटच्याच्या श्रेयनामावलीत हिरव्या झग्यातला जो पाठमोरा माणूस दिसतो, त्याच्यासाठी. बाकीचं शेजारी बसलेला पोरगा विचारल्याशिवायच सांगतो.

५. गुपित राखण्यातही मजा असते

२०१९ मध्ये रूसो बंधूंनी प्रेक्षकांना जाहीर पत्र लिहून विनंती केली होती की ‘एंडगेम’मध्ये काय होतं ते कोणाला सांगू नका. मला तेव्हा हे जरा नाटकी वाटलं होतं. त्याची किंमत कळली ती ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ला.

१६ डिसेंबर २०२१, गुरुवार. भारतात तो अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला. महाराष्ट्रात थिएटरं ऑक्टोबरात उघडली होती, पण निम्म्याच क्षमतेने. मुलांना घरी ठेवून मी भाच्याबरोबर भल्या पहाटेच्या खेळाला गेले. स्वेटर, मास्क, फोनवर लसीचं प्रमाणपत्र, आणि दोन माणसांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. इतक्या महिन्यांनी थिएटरात पाऊल ठेवलेलं, कोणी खोकलं तरी माना वळत होत्या.

जुने दोन स्पायडर-मॅन, टोबी मग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड, यात असणार अशी कुजबुज वर्षभर होती. गारफिल्ड प्रत्येक मुलाखतीत निरागस चेहऱ्याने नाही म्हणत होता. आणि मग पडद्यावर एका साध्याशा घरात तो ठिणग्यांचा गोल उघडला, पलीकडून कोणीतरी धावत आला, मुखवटा काढला. जे काही झालं ते मी दुसऱ्या कुठल्याच थिएटरात अनुभवलेलं नाही. निम्म्या रिकाम्या थिएटरातून भरलेल्या मैदानासारखा आवाज आला. माझ्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीच्या पलीकडे एक पन्नाशीचे गृहस्थ ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसले होते, ते उभे राहून शिट्टी मारायला गेले आणि मास्क आडवा आला. भाचा रडत होता. दीड वर्षांत आम्ही सगळे एका जागी एकाच गोष्टीसाठी ओरडलोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

बाहेर पडले तर न्यू जर्सीच्या नणंदेचा मेसेज: “वहिनी, एक अक्षर बोलू नका.” तिच्याकडे अजून लागायचा होता. एरवी सगळं तिला आधी मिळतं. त्या दिवशी नुसता गालावर हात ठेवलेला इमोजी पाठवून मी तिला एक दिवस छळलं. इतकी साधी सत्ता फार क्वचित हातात येते.

म्हणून यंदाही नियम तोच. जो आधी बघेल त्याने सोसायटीच्या ग्रुपवर फक्त “बघितला” लिहायचं. “भारी होता”सुद्धा नाही, त्यावरूनही पोरं अंदाज बांधतात.

६. मध्यंतर त्यांच्या सिनेमात नसतं, आपल्या थिएटरात असतं

हॉलिवूडवाल्यांनी सिनेमा सलग बघण्यासाठी केलेला असतो. आपल्याकडे थिएटरवाले सोयीची जागा बघून तो तोडतात, आणि ती जागा बरेचदा कोणीतरी वाक्य पूर्ण करण्याच्या आतच येते. शुद्धतावादी मंडळी यावर चिडतात. मी चिडत नाही. ‘एंडगेम’ तीन तास एक मिनिटाचा होता. लहान मुलं आणि साठीपुढची माणसं बरोबर असतील तर ते मध्यंतर कुठल्याही महाशक्तीपेक्षा उपयोगी पडतं. पॉपकॉर्न मात्र आधीच घ्यावेत, नाहीतर रांगेतच उत्तरार्ध सुरू होतो.

७. एक खेळ हिंदीतला बघावा

मुलांना इंग्रजीच हवा असतो, मूळ आवाज म्हणे. मी सासूबाईंना हिंदी खेळाला नेते, आणि तो खेळ जास्त रंगतो. डाउनीच्या आयर्न मॅनला हिंदीत वर्षानुवर्षं राजेश खट्टर यांचा आवाज आहे. आमच्या घरी तो इतका मुरलाय की मूळ आवाज ऐकला की सासूबाईंना तोतया वाटतो. आता डूमलाही तोच आवाज देतील का, ही त्यांची एकमेव उत्सुकता आहे. “तोच माणूस वाईट झाला तर आवाज कसा बदलेल?” असं त्यांचं म्हणणं, आणि मला तरी ते बिनतोड वाटतं.

बाकी भाषांच्या बाबतीत स्पायडर-मॅनचा हात कोणी धरू शकत नाही. २००७ मध्ये ‘स्पायडर-मॅन ३’ भोजपुरीतही आला होता. मराठीला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठी होती, आणि त्यातला पवित्र प्रभाकर राहतो ते मुंबत्तन तर अर्धं आपलंच शहर. मराठी खेळ गर्दीने भरायला हवे होते. आपणच ‘इंग्लिशमधला बघू’ म्हणालो आणि मग तक्रार करत बसलो.

८. नाताळचा माझा आवडता सुपरहिरो शिंपी आहे

२४ डिसेंबर २०२१, ‘नो वे होम’ला आठवडाही उलटला होता-नव्हता, तेव्हा नेटफ्लिक्सवर मल्याळम ‘मिन्नल मुरली’ आला. शेजारच्या मल्याळी कुटुंबाने केक खायला बोलावलं होतं, तिथेच बघितला. कुरुक्कनमूला नावाचं गाव, तिथला जेसन हा शिंपी, अमेरिकेला जायची स्वप्नं बघणारा. वीज पडते आणि अंगात शक्ती येते. त्याच वेळी दुसऱ्या एका माणसालाही येते, आणि त्याच्यावर गावाने आयुष्यभर केलेला अन्याय बघून आपल्याला खलनायकाचीच बाजू घ्यावीशी वाटते. गुरू सोमसुंदरमने तो असा केलाय की थानोस त्याच्यापुढे नुसता जांभळा दिसतो.

सणाला आपल्याच मातीतला सुपरहिरो हवा, हे दक्षिणेने बरोबर ओळखलंय. ‘हनु-मान’ २०२४ च्या संक्रांतीला, ‘लोका’ २०२५ च्या ओणमला. सण त्यांचा, देव-यक्षिणी त्यांच्या, गाव त्यांचं. हिंदीनेही ‘रा.वन’ आणि ‘क्रिश ३’ दिवाळीलाच आणले होते, पण त्यांत दिवाळी फक्त तारखेपुरती होती. आमच्या डोंबिवलीत कोणी फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेच्या गर्दीत एखादी उडणारी बाई सोडली, तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन.

९. यादी शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडी ठेवावी

किती तिकिटं काढायची हे आत्ता ठरवण्यात अर्थ नाही. ज्या पोरांना मी बोट धरून ‘इन्फिनिटी वॉर’ला नेलं, ती आता पुण्यात, बंगळुरूत शिकतात. त्यातल्या दोघांनी पंचवीसच्या विकेंडला येतो असं कळवलंय. मुलाशी तह झालाय: प्रिलिमचे गणित आणि भौतिकशास्त्राचे पेपर झाल्यावर, एकच खेळ, आणि परतताना गाडीत त्यावर जेवढं बोलायचं तेवढं. सासूबाईंचं नाव हिंदीच्या यादीत पक्कं आहे. नवऱ्याचं कुठल्याच यादीत नाही, कारण १८ डिसेंबरलाच ‘ड्यून: पार्ट थ्री’ही जाहीर झालाय आणि त्याला तो बघायचाय. एकटा जाईन म्हणतोय. जाऊ दे, पॉपकॉर्नचे पैसे वाचतील.