डोके दुखते, पण दुखणे मानेचे



या पानावर एरवी आपण लागण, खोडवा, बेणे आणि खताचे हप्ते यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. प्लॉटवर फिरताना एक गाऱ्हाणे वारंवार कानावर येते, म्हणून फिजिओथेरपीच्या जाणकारांकडून माहिती समजून घेऊन हे लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे, कृषी पदविका घेतलेला माणूस. तेव्हा हे वाचून स्वतःच निदान करू नये, एवढे आधीच सांगतो.

आमच्या गटातील एक सभासद स्वतःचा ट्रॅक्टर चालवतात. नांगरट असो की सरी पाडणे, दिवसाचे आठ-आठ तास मान उजवीकडे वळवून मागच्या अवजाराकडे बघत बसायचे. संध्याकाळी मानेच्या वरच्या टोकातून, कवटी जिथे टेकते तिथून, उजव्या बाजूने कळ निघे आणि डोक्यावरून डोळ्यामागे जाऊन बसे. मला म्हणाले, "साहेब, डोळ्यामागं कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं बघा." चष्म्याचा नंबर बदलून झाला, पित्तावरचे औषध झाले, घरच्यांनी नजरही काढली. शेवटी दुकानातून गोळी आणायची, रोज एक, पुढे दोन, असे सुरू झाले. त्यात दोन वर्षे गेली. मानेकडे कोणी बघितलेच नाही, कारण ते सांगत होते डोक्याचे.

उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण नुसते पानाकडे बघत नाही. निचरा नसेल, मुळी गुदमरली असेल, तरी पान पिवळे पडते. इथेही तसेच आहे. मानेत सात मणके. त्यांपैकी वरच्या तीन सांध्यांकडून व स्नायूंकडून येणाऱ्या नसा आणि कपाळ, डोळा, चेहरा यांची नस या मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन पाटांचे पाणी एका चारीत आले, की गढूळपणा कुठल्या पाटाचा हे खालच्या माणसाला कळत नाही. मेंदूचेही तसेच होते. दुखते मानेत आणि त्याला वाटते कपाळात. नॉर्वेमधील डॉ. शोस्ताद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या दुखण्याला मानेपासून उगम पावणारी डोकेदुखी असे वेगळे नाव दिले.

ओळखावे कसे? दुखणे बहुधा एकाच बाजूला असते आणि बाजू बदलत नाही. मानेतून सुरू होऊन पुढे सरकते. मान वळवली किंवा बराच वेळ एकाच स्थितीत ठेवली की उठते, आणि त्या बाजूला मान पूर्ण वळत नाही. मात्र अर्धशिशीतही मान अवघडते, म्हणून मान दुखते एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मळमळ, उजेड सहन न होणे, कधी डावी तर कधी उजवी बाजू धरणे, हे असेल तर अर्धशिशीचा संशय घ्यावा. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उताणे झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवतात व तशीच मान दोन्हीकडे वळवून बघतात. निरोगी माणसाची मान अशी साधारण ४४ अंश वळते. वरच्या दोन मणक्यांमधला सांधा आखडला असेल तर त्या बाजूला पुष्कळ कमी वळते. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांचे नेमके तेच निघाले.

एक्स-रेबद्दल थोडे. "मणक्यात गॅप आहे" असे ऐकले की माणूस निम्मा खचतो. पण चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची झीज काहीच दुखत नसलेल्या लोकांतही दिसते. तो फोटो पाहून मान हलवायचीच सोडणे किंवा महिनोन् महिने पट्टा बांधून बसणे चुकीचे. त्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

आता उपचार. आपण खताची चाचणी घेताना एक वाफा बिनखताचा ठेवतो. ऑस्ट्रेलियात ग्वेन जल यांनी तसेच केले. २०० रुग्णांचे चार गट पाडले. एका गटाला यातले काहीच नाही, दुसऱ्याला हातांनी सांधे मोकळे करण्याचे उपचार, तिसऱ्याला मान व खांद्याचे हलके व्यायाम, चौथ्याला दोन्ही. उपचार सहा आठवडे, तपासणी वर्षभर. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. तिन्ही उपचारगटांत डोकेदुखीचे दिवसही कमी झाले आणि जोरही, आणि वर्षानंतरही फरक टिकून होता. दोन्ही एकत्र करणारे किंचित पुढे होते, पण फरक पक्का म्हणावा एवढा नव्हता. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की घरी बिनखर्चात करण्याजोगा व्यायामही हातांच्या उपचाराइतकाच चालला.

तो व्यायाम दिसायला इतका साधा आहे, की लोक त्याला हसतात. उताणे झोपावे, गुडघे वाकवावेत, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. डोके न उचलता "हो" म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी हळू खाली न्यावी, मानेची मागची बाजू लांब होते आहे असे वाटले पाहिजे. दहा सेकंद धरावे, सोडावे, असे दहा वेळा. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोटे लावून पाहावे. तिथले दोर ताठ झाले तर जोर जास्त लागतो आहे. आपल्या लोकांची खोड अशी, की व्यायाम म्हटला की ताकद लावायची. इथे ताकद लावली की फुकट गेले, कारण कामाला लावायचे आहेत ते आतले, मणक्याला चिकटलेले स्नायू. दुसरा व्यायाम बसून. खांद्याची पाती हलकेच मागे व खाली ओढून दहा सेकंद धरायची. टॉवेलचा पट्टा मानेमागे धरून मान वळवण्याचाही एक प्रकार आहे, पण तो फिजिओथेरपिस्टकडून शिकल्याखेरीज करू नये.

गुण यायला वेळ द्यावा लागतो. लागणीची उगवण पुरी व्हायला महिना-दीड महिना जातो, आठव्या दिवशी आपण कांडी उकरून बघत नाही. इथेही सहा आठवडे धरून चालावे.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र आजच बंद करावी. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. असे क्वचित होते हे खरे, पण झाले की माणूस कायमचा खाटेवर पडू शकतो.

गोळ्यांचेही तसेच. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी महिनोन् महिने घेतली तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. आमच्या सभासदांचे निम्मे दुखणे या गोळ्यांचेच होते असे डॉक्टरांनी सांगितले.

काही लक्षणांत मात्र व्यायाम बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. वीज पडल्यासारखी अचानक उठलेली भयंकर कळ, ताप येऊन मान ताठ होणे, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, पडल्या-झडल्यानंतरची डोकेदुखी, आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली नवी डोकेदुखी. यात सकाळपर्यंत वाट पाहू नये.

कामातही थोडा बदल हवा. ट्रॅक्टरवर मागे बघताना एकट्या मानेने न वळता कमरेतून वळावे, आरसे बसवावेत, तासाभराने खाली उतरून चार पावले चालावे. फवारणी पंपाचे दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे असावेत. वैरणीचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या भगिनींनी भारे लहान करून एक खेप जास्त करावी. घरात गाडा असताना मोठा भारा डोक्यावर का, हे घरातल्या पुरुषांनीही मनाला विचारावे.

बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. जाताना दोन आठवड्यांची टिपण न्यावी. कोणत्या दिवशी दुखले, कुठून सुरू झाले, त्या दिवशी काम काय होते, गोळ्या किती घेतल्या. आमच्या सभासदांनी ही टिपण ऊसनोंदीच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवली होती. डोकेदुखीचे सगळे दिवस नांगरटीचे निघाले, आणि डॉक्टरांनी पहिला हात मानेला लावला.