कवळी हलते? दात रोवण्यापूर्वी हे वाचा

सर्व दात गेल्यावर खालची कवळी वरच्या कवळीपेक्षा अधिक हलते. तिला टाळूचा आधार नसतो आणि जिभेचे धक्के मात्र सतत बसतात. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथम रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू रोवले. या धातूला हाड घट्ट धरते. पुढील संशोधनाच्या आधारे २००२ मध्ये मॉन्ट्रियल येथे तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन स्क्रूंवर बसणारी कवळी प्रथम पसंतीची ठरवली.

मात्र परळच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतले असतील, तर कितीही वर्षे लोटली तरी दंतवैद्यास आधी सांगावे. किरणांमुळे हाडाचा रक्तपुरवठा घटतो. दात काढल्यास वा स्क्रू रोवल्यास जखम न भरण्याचा धोका असतो, हाड कुजू शकते.