बोकडाचे वजन आणि विक्रीचा दिवस



शेळीपालनासाठी आपल्यातील अनेक जण मदत पाठवतात. म्हणून या अंकात मी त्यातील एका भागाविषयी लिहितो: लहान बोकड विकत घ्यायचा, तीन महिने बांधून खुराक घालायचा आणि बकरी ईदच्या बाजारात विकायचा.

अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू कुटुंबे राहतात. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन झालेली काही गावेही याच तालुक्यात आहेत. डोंगरात शेळी चरून वाढत असे. इथे चराई थोडी, त्यामुळे कुटार आणि ढेप विकत घ्यावी लागते. धंदा तोच दिसतो, पण हिशेब बदलतो.

समजा, 15 किलोचा बेरारी बोकड घेतला. चांगली निगा राखली आणि तो दिवसाला 70 ग्रॅम वाढला, तर 90 दिवसांत सुमारे 6 किलो वाढतो. रोज 300 ग्रॅम सरकी ढेप व मक्याचा भरडा धरला, तर 27 किलो खुराक लागतो. म्हणजे एक किलो वाढीमागे चार किलोंहून अधिक खुराक, शिवाय तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार. नफा असतो तो या फरकात, आणि तो फार बारीक असतो.

तो तीन ठिकाणी निसटतो.

पहिले, आजार. चरणाऱ्या बोकडाला एकदम पोटभर धान्य दिले तर पोटात आम्ल वाढते. आंत्रविषाराने तर धडधाकट जनावर रात्रीत मरते. खुराक मूठभरापासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवावा. पीपीआर व आंत्रविषाराची लस त्याआधीच टोचून घ्यावी. बुरशी लागलेली ढेप घालू नये. पाच बोकडांतला एक दगावला, तर उरलेल्या चारांचा नफा त्यातच जातो.

दुसरे, वेळ. ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येते. 2025 साली ती 7 जूनला होती. म्हणजे बोकड मार्चच्या सुरुवातीला बांधायला हवा होता. तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि चारा महाग होतो. जिनिंग जोरात असते त्या हिवाळ्यातच ढेप घेऊन कोरड्या जागी ठेवलेली बरी.

तिसरे, वजन. व्यापारी नजरेने उक्ता भाव सांगतो. घरात पैशाची निकड असेल, तर माणूस ईदआधीच मिळेल त्या भावाला बोकड देऊन टाकतो. मी बैठकांमध्ये एक साधे गणित शिकवतो: टेपने छातीचा घेर व अंगाची लांबी इंचांत मोजा, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 24 व लांबी 24 आली, तर वजन साधारण 21 किलो. हा अंदाजच आहे, पण सौद्याला बसताना हातात एक आकडा असतो.

यावरून मला एवढेच सुचवायचे आहे. नुसता बोकड घेऊन दिल्याने कुटुंब उभे राहत नाही. पाड्यावर एक लटकता वजनकाटा, हिवाळ्यात एकत्र घेतलेली ढेप आणि ईदपर्यंत थांबता येईल एवढी हातउसनी रक्कम, ही मदत लहान दिसते. पण श्रमाचा मोबदला घरात येतो तो तिच्यामुळे. पुढच्या वेळी देणगी ठरवताना याचाही विचार करावा, ही विनंती.