लाकडाची वाहतूक आणि वृक्षांचे रोग

वन विभागाच्या नाक्यावर लाकडाची मालमोटार थांबते, तेव्हा वाहतूक परवाना आणि ओंडक्यांवरील हातोड्याची निशाणी पाहिली जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ अन्वये केलेल्या नियमांचा हा भाग होय. माल कोणाचा व तो रीतसर तोडलेला आहे काय, एवढेच त्यावरून कळते. सालीखाली काय दडले आहे, हे परवाना सांगत नाही. रोगप्रसार रोखण्यासाठीही वाहतुकीवर बंधने घालावी लागतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. ब्रिटनला मात्र तिची जबर किंमत मोजावी लागली.

एल्म हा आपल्या वावळाच्या कुळातील वृक्ष. इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेने तो सर्वत्र दिसे. त्याला होणाऱ्या बुरशीजन्य रोगास ‘डच एल्म रोग’ म्हणतात. हे नाव उगमावरून पडलेले नसून, हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी त्याचे मूलभूत संशोधन केल्यामुळे पडले आहे. मरू लागलेल्या अथवा नुकत्याच तोडलेल्या एल्मच्या सालीखाली एक लहानसा भुंगेरा अंडी घालतो. तेथे वाढलेले नवे भुंगेरे बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन बाहेर पडतात आणि निरोगी झाडांच्या कोवळ्या डहाळ्या कुरतडतात. बुरशी जलवाहिन्यांत शिरते, वाहिन्या तुंबतात आणि ऐन उन्हाळ्यात पाने कोमेजतात. भुंगेरा स्वतः फार दूर उडत नाही. त्याला शेकडो मैल नेतो तो साल न काढलेला ओंडका.

ब्रिटनमध्ये हा रोग १९२७ साली आढळला. ती साथ पुढे ओसरली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मात्र बुरशीचा अधिक घातक प्रकार पसरला. तो कॅनडातून आलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर आला, असे ब्रेझियर व गिब्ज या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. एल्मच्या देशांतर्गत वाहतुकीवर निर्बंध आले, रोगट झाडे तोडण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना मिळाले. पण तोवर रोग हाताबाहेर गेला होता. अडीच कोटींहून अधिक झाडे नष्ट झाली.

ब्रायटन परिसराचा अनुभव वेगळा आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डाउन्सच्या टेकड्या, हे निसर्गाचे साहाय्य होतेच. परंतु रोगट झाड दिसताच तोडणे आणि बाहेरचे एल्मचे लाकूड येऊ न देणे, हे काम तेथील स्थानिक संस्थांनी चिकाटीने चालविले. हजारो एल्म तेथे आजही उभे आहेत. दक्षता संपलेली नाही. प्रेस्टन पार्कमधील दोन प्रसिद्ध जुन्या वृक्षांपैकी एक २०१९ मध्ये रोगामुळे तोडावा लागला.

भारतात विनाशक कीटक व कीड अधिनियम १९१४ सालचा आहे. त्याखालील २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशाने आयात लाकडाची तपासणी होते. खोकी व पॅलेट यांच्या लाकडासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यातील एका पद्धतीनुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानात सलग ३० मिनिटे ठेवावे लागते.

बंदरावरील ही व्यवस्था गावच्या लाकडापर्यंत पोहोचत नाही. ग्रामपंचायत वाळलेल्या झाडाचा लिलाव करते, तेव्हा ते कशाने वाळले याची चौकशी क्वचितच होते. रोगाचा संशय असल्यास वन अथवा कृषी अधिकाऱ्यास कळविणे आणि ओंडका हलविण्यापूर्वी साल जागेवरच काढून जाळण्याची अट लिलावात घालणे, यास फारसा खर्च येत नाही.