डीप फ्रीझर घ्यायच्या आधी

भगिनींनो, मागच्या बैठकीत एका ताईनं विषय काढला. "बोर धरणाची मासोळी संध्याकाळी उरते, मग पडत्या भावात द्यावी लागते. गटाचं कर्ज काढून डीप फ्रीझर घेतला तर?" बऱ्याच जणींनी मान डोलावली. पण कर्ज उचलण्याआधी, परदेशात मासळी पाठवणारे ती कशी गोठवतात ते पाहू.

मासोळीच्या अंगात शंभरातले सत्तर-ऐंशी भाग पाणी असतं. ते हळूहळू गोठलं, तर बर्फाचे मोठे खडे होतात आणि मांस आतून फाटतं. अशी मासोळी बाहेर काढली की पाणी सुटतं, तुकडा रश्श्यात टिकत नाही. झपाट्यानं गोठली तर खडे बारीक राहतात. सारी मेख इथंच आहे.

रत्नागिरी, तळोजा इथल्या कारखान्यांत सोललेली कोळंबी ट्रेमध्ये पाण्यासकट भरतात आणि उणे 40 अंशांच्या आसपास गार केलेल्या धातूच्या पाट्यांमध्ये दाबून ठेवतात. दोनेक तासांत लादी आतपर्यंत उणे 18 अंशांवर येते. मग ती शीतगृहात जाते, तिथून थंड कंटेनरमधून बंदरावर. म्हणजे गोठवणं वेगळं आणि साठवणं वेगळं, दोन्हीला यंत्रंही वेगळी. दुकानातला डीप फ्रीझर मुख्यतः साठवणारा. त्यात एकदम वीस किलो ताजी मासोळी कोंबली, तर ती गोठायला दिवस जाईल. वरून आपल्याकडे लाइन गेली, तर आधीची गोठलेलीही नरम पडेल.

मोठ्या जहाजांवर मासळी समुद्रातच गोठवतात. 1954 साली 'फेअरट्राय' नावाचं ब्रिटिश जहाज या कामाला निघालं, तेव्हापासून ही रीत पसरली. कोकणातल्या बहुतेक ट्रॉलरवर मात्र गोठवायचं यंत्र नसतं. ते बर्फाचा चुरा भरून निघतात आणि मासळी त्यात दाबून आणतात. तिथं बर्फाची काटकसर झाली, तर किनाऱ्यावरचं महागडं यंत्रही काही करू शकत नाही. शिळी गोठवली तर शिळीच निघते.

स्वच्छतेचंही तसंच. 1997 साली युरोपीय संघानं आपल्या देशाच्या मासळीवर बंदी घातली, कारण होतं कारखान्यांतली अस्वच्छता. कोळंबी सोलायचं काम जास्त करून बायाच करतात. काम थांबलं की त्यांचीच रोजी बुडते. आता आत जाताना बांगड्या, अंगठी काढायची, टोपी घालायची, क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे. दिवसभर गारठ्यात बोटं बधिर होतात, ते वेगळंच.

आता आपला हिशेब. एक किलो मासोळी 30 अंशांवरून शून्यावर आणायलाच पाव किलोहून जास्त बर्फ वितळतो. बाकीचा बाहेरच्या उन्हाशी झुंजतो. म्हणून किलोला किलो बर्फ धरायचा, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. रोहू, कटला असो की मृगळ, पोट आणि कल्ले काढून स्वच्छ पाण्यानं धुवा. जाड थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग मासोळी, पुन्हा बर्फ, असे थर द्या. तळाला भोक ठेवा, वितळलेलं पाणी निघून गेलं पाहिजे. झाकण घडीघडी उघडू नका. एवढं केलं तर उरलेली मासोळी दुसऱ्या दिवशीही चांगल्या भावात जाते.

माझं मत, आधी दोन पेट्या घ्याव्यात. विकणाऱ्या ताईंनी महिनाभर रोज किती उरलं, किती बर्फ लागला आणि कोणत्या भावानं गेलं ते वहीत लिहावं. ती वही समोर ठेवून कर्जाचा विषय पुन्हा घेऊ.