लाइट मीटर बिघडलेला नाही

प्रश्न : भूममधल्या एका खव्याच्या भट्टीचे फिल्म कॅमेऱ्याने फोटो काढले. जुना हातात धरायचा लाइट मीटर कढईतल्या दुधावर रोखला, तर दूध राखाडी आले. धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर रोखला, तर फोटो पांढराफटक. मीटर बिघडला आहे का? – एक वाचक, भूम

उत्तर : मीटर टाकून देऊ नका. वस्तूवर रोखलेला मीटर तिच्यावरून परतलेला प्रकाश मोजतो आणि समोर दूध असो की काजळी, तिला मध्यम करड्या रंगाची (साधारण 18 टक्के प्रकाश परतवणारी) समजून आकडे देतो. तुमच्या दोन्ही फोटोंत नेमके तेच झाले.

मीटरला पांढरा अर्धगोल घुमट असेल तर तो सेलवर बसवा. मीटर कारागिराच्या चेहऱ्याजवळ धरा, घुमट कॅमेऱ्याकडे. आता पडणारा प्रकाश मोजला जाईल. दूध पांढरे आणि भिंत काळीच येईल. दाराशी मोजून आतला फोटो मात्र काढू नका, दोन्हीकडच्या उजेडात फार फरक असतो. घुमट नसेल तर दुधावरचे मोजमाप घ्या आणि दीड-दोन स्टॉप जास्त प्रकाश द्या.

मीटरवर फिल्मचाच आयएसओ लावला आहे ना, तेही पाहा. तरीही शंका असेल, तर दुपारच्या स्वच्छ उन्हात घुमट लावून तपासा : आयएसओ 100 ला एफ/16 आणि 1/125 च्या आसपास आकडा यायला हवा. बॅटरीविना चालणाऱ्या जुन्या मीटरचा सेलेनियम सेल वयोमानाने मंदावतो. आकडा फारच चुकला, तरच दुरुस्तीला द्या.